फवारणीआधी पान उलटून पाहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शेतीच्या पानावर दर हंगामात उसावरील किडींची माहिती येते. लक्षणे काय, औषध कोणते, पंधरा लिटरच्या पंपाला प्रमाण किती, हे सगळे त्यात नेमके असते. एक गोष्ट मात्र बहुतेक वेळा राहून जाते. त्या किडीला खाणारे फडात आधीपासून कोण आहे आणि औषध मारल्यावर त्याचे काय होते, हे कोणी सांगत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात पंचगंगा, भोगावती, कुंभी, कासारीच्या काठांनी ऊस सलग पसरलेला आहे. आडसाली ऊस तर सोळा-अठरा महिने रानात उभा असतो. एवढा काळ न हलणाऱ्या पिकात खाणारे आणि खाल्ले जाणारे यांची एक घडी बसते. ती आपल्याच हाताने विस्कटली, की पुढचा खर्च ऊसबिलातून वळता होतो.

जिल्ह्यातल्या जाणत्या शेतकऱ्यांना लोकरी मावा आठवत असेल. 2002 च्या पावसाळ्यात सांगली-कोल्हापूर पट्ट्यात तो आला. पानाच्या पाठीला, मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पांढरा लोकरीसारखा थर, खालच्या पानांवर चिकटा आणि त्या चिकट्यावर वाढलेली काळी बुरशी. या माव्याच्या मादीला नराची गरज लागत नाही. अंडीही ती घालत नाही, थेट पिल्लेच देते. त्यामुळे फडाच्या एका कोपऱ्यात दिसलेला मावा बघता बघता बांध ओलांडतो. त्यात आठ-दहा फूट वाढलेल्या उसात पाठीवर पंप घेऊन शिरणे अवघड, आणि पानाच्या खालच्या बाजूला औषध पोचवणे त्याहून अवघड.

तो आटोक्यात आणण्यात मोठा वाटा तीन किड्यांचा होता. पहिला डिफा. हा पतंग आहे आणि त्याची अळी पाने न खाता मावा खाते. दुसरा मायक्रोमस, म्हणजे तपकिरी जाळीदार पंखांचा कीटक. त्याच्या अळीला विळ्यासारखे जबडे असतात आणि ती मावा टोचून शोषते. तिसरी एनकार्सिया ही ईशान्य भारतातून आणून सोडलेली, टाचणीच्या टोकाएवढी गांधीलमाशी. ती माव्याच्या अंगातच अंडे घालते.

घोटाळा होतो तो डिफाच्या बाबतीत. तिची अळी अर्ध्या इंचाच्या आसपास, हिरवट-तपकिरी असते आणि माव्याच्या थराखाली रेशमी जाळे विणून राहते. पान उलटल्यावर मावा दिसतो, शेजारी अळी दिसते. शेतकऱ्याला वाटते, एक कीड होती त्यात दुसरी आली. तो दोन औषधे एकत्र करून मारतो आणि जी अळी त्याचे काम फुकट करत होती तीच आधी मरते. ओळखायची खूण साधी आहे. जाळे लावलेल्या जागी पांढऱ्या लोकरीचे पुंजके विस्कटलेले आणि माव्याची रिकामी कातडी पडलेली दिसली, तर ती डिफा समजावी. ऊस खाणारी अळी पानाला किंवा पोंग्याला (मधल्या कोवळ्या शेंड्याला) भोके पाडते. डिफाच्या पानावर भोक सापडत नाही.

डिफा नसेल तर सोडता येते. प्रमाण हेक्टरी 1000 अळ्या, किंवा मायक्रोमसच्या 2500 अळ्या. सगळ्या फडात उधळून उपयोग नाही. मावा आहे त्या ठिकाणीच, संध्याकाळी, अळी असलेल्या पानाचा तुकडा माव्याच्या पानाला खालच्या बाजूने टाचावा. शेजाऱ्याच्या रानात डिफा भरपूर असेल तर तिथली पाने कापून आणली तरी चालते. त्यानंतर निदान तीन आठवडे फवारणी नको. मावा लागलेली पाने तोडून जाळायचा सल्ला कानावर येतो, तो इथे उलटा पडतो, कारण डिफाचे कोषही त्याच पानांवर असतात. आणि मावा शंभर टक्के नाहीसा झालाच पाहिजे हा हट्टही सोडावा लागतो. खायला काही उरले नाही की भक्षक मरतो किंवा निघून जातो. मग पुढच्या पावसाळ्यात मावा एकटाच परत येतो.

भक्षक आधी का मरतो, याची कारणे ठरलेली आहेत. पहिले संख्येचे. एका पायरीवरून वरच्या पायरीवर ढोबळमानाने दहा टक्केच ऊर्जा पोचते. बाकीची श्वसनात, हालचालीत, विष्ठेत जाते. म्हणून पानांपेक्षा मावा कमी, माव्यापेक्षा डिफा कमी आणि उंदरांपेक्षा घुबडे तर कितीतरी कमी. जे मुळात थोडे आहे ते पटकन संपते. दुसरे वागण्याचे. मावा एका जागी चिकटून बसतो. भक्षक त्याला शोधत पानापानावर फिरतो, त्यामुळे औषधाचे अंश त्याच्या पायांना जास्त लागतात. शिवाय विष लागलेले भक्ष्य खाऊन पोटातही जाते, म्हणजे त्याला मात्रा दोनदा मिळते. तिसरे, आणि सर्वांत महत्त्वाचे, जननाचे. भक्ष्य भराभर वाढते, भक्षक सावकाश. फवारणीनंतर दोघेही सारखेच मेले असे धरले तरी सावरायला मावा आधी लागतो आणि पुढचे काही आठवडे त्याला अडवणारे कोणी नसते.

हे गणित 1926 साली इटलीतल्या व्हितो व्होल्तेरा यांनी मांडले. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रातली मासेमारी मंदावली, तेव्हा बंदरांवर उतरणाऱ्या मासळीत शार्कसारख्या शिकारी माशांचा वाटा वाढलेला दिसला. मासेमारी कमी झाल्याचा फायदा शिकाऱ्यांना जास्त का झाला, हा प्रश्न होता. उत्तर असे निघाले की दोघांनाही सरसकट मारत राहिले तर सरासरीने भक्षक घटतो आणि भक्ष्य वाढते. कॅलिफोर्नियातल्या संत्रा-लिंबाच्या बागांत त्याचा पडताळाच मिळाला. 1888 साली ऑस्ट्रेलियातून आणलेल्या रोडोलिया ढालकिड्याने तिथला खवलेकीटक दीड-दोन वर्षांत आटोक्यात आणला होता. 1940 च्या दशकात बागांत डीडीटी आले, ढालकिडे मेले आणि दबलेला खवलेकीटक पुन्हा उसळला.

आता उंदरांकडे वळू, कारण तिथे नुकसानही मोठे आहे आणि विषही. फडात बिळे करणारी प्रमुख जात म्हणजे जाड अंगाची, आखूड शेपटीची लहान घूस. बिळाच्या तोंडाशी मोकळ्या मातीचा ताजा ढिगारा दिसला की ती आत आहे असे समजावे. लोळलेल्या उसात तिचे फावते, कारण कांडी जमिनीलगत आयती मिळते. मादी साधारण तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले, आणि वर्षातून अनेक वेळा. तिला खाणारी धामण मात्र वर्षातून एकदाच दहा-बारा अंडी घालते आणि ती फुटायला दोनेक महिने लागतात. गव्हाणी घुबड चार ते सात अंडी घालते, ती महिनाभर उबवते आणि पिल्ले उडायला आणखी दोन महिने जातात. दोन्ही बाजूंचा हा वेग डोळ्यांसमोर ठेवला, की सरसकट विष टाकल्यावर सहा महिन्यांनी कोण शिल्लक राहणार, हे कळायला तज्ज्ञ लागत नाही.

विषांतही फरक आहे, आणि दुकानात तो कोणी सांगत नाही. झिंक फॉस्फाईड खाल्लेला उंदीर काही तासांत, बहुधा बिळातच मरतो. त्याची अडचण वेगळी. कमी खाऊन वाचलेला उंदीर ते आमिष पुन्हा तोंडाला लावत नाही आणि त्याचे पाहून लोक मात्रा वाढवतात. म्हणून आधी दोन दिवस तेल लावलेले बिनविषाचे धान्य टाकून सवय लावायची आणि तिसऱ्या दिवशी विषाचे आमिष ठेवायचे. ब्रोमॅडिओलोनचे उलट आहे. ते रक्त गोठू देत नाही. उंदीर चार-पाच दिवसांनी, कधी त्याहून उशिरा मरतो. त्याला चव कळत नाही, म्हणून ते वापरायला सोपे. पण त्या चार-पाच दिवसांत तो सुस्तावतो, भर दिवसा उघड्यावर येतो आणि विष त्याच्या यकृतात साठलेले असते. घुबड, घार, मुंगूस, मांजर, सगळ्यांना सोपी शिकार तीच. गिधाडांचे असेच झाले होते. जनावरांना दिलेले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मढ्यातून त्यांच्या पोटात गेले. 2006 साली त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, पण तोवर गिधाडे जवळजवळ संपली होती.

विष टाकायचेच असेल तर ते मोजून टाकावे. संध्याकाळी रानातली आणि बांधावरची सगळी बिळे मातीने बुजवावीत. सकाळी उकरलेली दिसतील तेवढीच चालू बिळे. आमिष फक्त त्यांतच, कागदाच्या पुडीत, हात जाईल तेवढे आत, आणि तोंड परत बुजवून. उघड्या सरीत शिंपडलेले आमिष मोर, कबुतरे, लाव्हे खातात. पुढचा आठवडाभर रोज सकाळी रान फिरून मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत. हे काम कोणी करत नाही आणि खरे नुकसान तिथेच होते. एकट्याने केलेली मोहीम वाया जाते, कारण मोकळी झालेली बिळे शेजारच्या रानातले उंदीर महिन्याभरात भरतात. शिवारातल्या सगळ्यांनी एकाच आठवड्यात करायचे, आणि तेही एप्रिल-मे महिन्यांत, तोडणी उरकलेली असते तेव्हा. त्या वेळी उंदीर थोडे असतात, उपाशी असतात, आमिष लगेच उचलतात. ऑगस्टमध्ये दाट फडात आमिष टाकणे म्हणजे पैसे सरीत घालणे.

गव्हाणी घुबडाबद्दल दोन शब्द जास्त, कारण आपल्याकडे त्याच्यावर दुहेरी संकट आहे. एकीकडे अपशकुनी म्हणून दगड, दुसरीकडे अमावास्येच्या जादूटोण्यासाठी चोरटी शिकार. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड मारणे, पकडणे गुन्हा आहे. जुने वाडे, पडक्या विहिरी, देवळांचे कोनाडे हे त्याचे घर. वाडे पाडून आरसीसी आली तशा या जागा गेल्या. फडावर पेटी लावून ती उणीव थोडी भरून काढता येते. दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच. दार सहा इंच औरस-चौरस आणि तळापासून निदान फूटभर वर. खाली ठेवले की पिल्ले बाहेर पडतात. तळाला पाणी निचरायला चार भोके. बारा-पंधरा फूट उंचीच्या खांबावर, तोंड पूर्वेला, कारण आपल्याकडचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. पेटी मोकळी राहिली तर तिच्यात मधमाश्या बसतात, म्हणून पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहावी. पुणे-बंगळूर महामार्गाला लागून पेटी लावू नये. हा पक्षी जमिनीलगत उडत शिकार करतो आणि गाड्यांना धडकतो. पेटीखाली काळपट, चमकदार गोळे पडलेले दिसतील. ती विष्ठा नव्हे, न पचलेले केस आणि हाडे घुबड तोंडावाटे टाकते. पाण्यात भिजवून गोळा फोडला की उंदरांच्या कवट्या हातात येतात आणि किती उंदीर पडले ते मोजता येते. जीवशास्त्राच्या तासाला गवत-नाकतोडा-बेडूक-साप-घार अशी सरळ रेघ फळ्यावर काढण्यापेक्षा एवढा एक गोळा वर्गात फोडावा. त्यात उंदरासोबत चिचुंद्री निघते, एखादी चिमणीही निघते आणि मुलांना कळते की खाणारा एकाच ताटावर बसत नाही.

घुबड बिळात शिरत नाही, धामण शिरते. पेटी लावली म्हणून धामण मारून चालणार नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरांत फडातली बिळे पाण्याखाली गेली, साप बांधावर, गोठ्यांत, घरांत आले. अशा वेळी बिनविषारी धामणही काठीखाली येते. फडात घोणसही असते आणि तोडणी मजुरांना तिचा धोका खरा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. रात्रपाळीच्या विजेवर पाणी पाजायला जाताना गुडघ्यापर्यंतचे गमबूट आणि बॅटरी हवीच. पण घोणस फडात येते ती उंदरांच्या मागे. उंदीर घटले की तिचेही येणे कमी होते.

ट्रायकोकार्डाबाबत थोडक्यात. ट्रायकोग्रामा या बारीक माशीने आत अंडी घातलेली पतंगाची अंडी ज्यावर चिकटवलेली असतात, ते हे कार्ड. खोडकिडीच्या अंड्यांत ट्रायकोग्रामा माशी आपली अंडी घालते; एका कार्डावर 18 ते 20 हजार अंडी असतात आणि लागणीनंतर चाळीसेक दिवसांपासून दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने ती लावायची. उपयोग झाला नाही अशी तक्रार करणाऱ्यांचे बहुधा एकच चुकलेले असते. पोंगेमर दिसल्यावर ते कार्ड आणतात. पोंगा वाळला म्हणजे अळी आत शिरली; तिच्यापुढे ही माशी काहीच करू शकत नाही, ती फक्त अंड्यावर काम करते. बाकी चुका किरकोळ आहेत. कार्डाच्या पट्ट्या न करता ते एकाच जागी अडकवणे (माशी एक मिलिमीटरहून लहान, ती फार लांब उडत नाही), पानाच्या वरच्या बाजूला लावणे (मुंग्या अंडी खातात, पाऊस धुऊन नेतो), भर उन्हात लावणे आणि लगेच कीटकनाशक मारणे.

हुमणीसाठी, म्हणजे मुळे खाणाऱ्या भुंगेऱ्याच्या अळीसाठी, उन्हाळी नांगरट खोल करायची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण ती दिवसा, सकाळी करावी. नांगरामागे बगळे, साळुंक्या, कावळे, कोतवाल उतरतात आणि उघड्या पडलेल्या अळ्या व कोष वेचतात. ट्रॅक्टर रात्री घातला किंवा नुसता रोटाव्हेटर फिरवला तर हे मजूर येत नाहीत. प्रकाश सापळा रात्रभर चालू ठेवू नये. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पावसानंतर अंधार पडताना निघतात आणि कडुनिंब-बाभळीवर बसतात. साडेसात ते साडेनऊ एवढा वेळ पुरतो. त्यानंतर दिव्यावर येतात ते बहुधा दुसरेच किडे, आणि त्यांत मित्रकीटकही असतात.

शेवटचा मुद्दा पाचटाचा, म्हणजे तोडणीनंतर रानात राहणाऱ्या उसाच्या वाळक्या पानांचा. अन्नजाळ्याचा निम्मा भाग जिवंत पानापासून सुरूच होत नाही, तो मेलेल्या पानापासून सुरू होतो: बुरशी, जिवाणू, वाळवी, गांडूळ, आणि त्यांना खाणारे कोळी, भुंगेरे, गोम. हेक्टरी आठ-दहा टन पाचट आपण पेटवतो तेव्हा या सगळ्यांना एका दुपारी जाळतो. पाचटातला नत्र धुरात जातो, खोडव्याचे (तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाचे) डोळेही होरपळतात. न जाळता ठेवायचे तर पद्धत आहे. बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत दाबायचे आणि त्यावर हेक्टरी 80 किलो युरिया, 100 किलो सिंगल सुपर फॉस्फेट, 10 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकून पाणी द्यायचे. युरिया वाचवला की खोडवा पिवळा पडतो. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडा असतो. कुजवणारे जिवाणू मग आपल्या वाढीसाठी नत्र जमिनीतून उचलतात आणि उसाला कमी पडतो. लोक याचा दोष पाचटाला देतात आणि पुढच्या वर्षी काडी लावतात.

पाचट ठेवले की उंदरांना आडोसा मिळतो, हा शेतकऱ्यांचा आक्षेप खरा आहे. तो खोडून काढण्यापेक्षा सरी-आड-सरी पाचट ठेवणे, ते कुट्टी करून दाबणे आणि बांध स्वच्छ ठेवणे हा मध्यम मार्ग बरा. कोळी आणि भुंगेरे टिकतात, आणि पाचट दाबलेल्या रानात खोडकिडीचा उपद्रवही कमी आढळतो.

आपणांस विनंती एवढीच. फवारणीच्या प्रत्येक सल्ल्याखाली दोन ओळी द्याव्यात: ही कीड कोण खाते आणि ते ओळखायचे कसे. जूनअखेर डिफाच्या अळीचा आणि मायक्रोमसचा रंगीत फोटो ऊस कापायच्या कोयत्याच्या पात्याएवढा मोठा छापला, तर चिटबॉयपासून (साखर कारखान्याच्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यापासून) कृषी सहायकापर्यंत सगळे तो कापून खिशात ठेवतील. उंदीरनाशकाच्या सल्ल्यात मेलेले उंदीर पुरण्याची सूचना ठळक अक्षरांत असावी. आणि पेटीची मापे सुतारांना कळतील अशी, इंचांत द्यावीत.

आपले,
कीटकशास्त्र व प्राणिशास्त्राचे काही अध्यापक,
कोल्हापूर